पार्सलघराची कोपऱ्यातली खोली

९ जानेवारी

मामी,

तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. डाव्या कानानं तुला ऐकू येत नाही आणि उजव्या कानाला तू फोन लावत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस. इथे लिहायला टेबल नाही, उलट्या खोक्यावर कागद ठेवून लिहितेय.

मला नोकरी लागली. जुन्या स्टेशनाचं पार्सलघर आठवतंय ना? नवं स्टेशन पलीकडे गेलं तेव्हापासून ते बंद पडलंय. आता ते दुरुस्त करून तिथे लोकांसाठी प्रदर्शनगृह करायचं ठरलंय. त्यासाठी एक समिती आहे आणि कामावर देखरेख करायला त्यांनी मला नेमलंय. तुझी सुतळी साहेबीण झाली म्हण.

पण साहेबीण काय करते ते ऐक. दाराचं कुलूप फोडलं तर आत घोट्याच्या वर कबुतरांची घाण. खालची वाळून दगड झालेली, वरची ताजी. मजूर तोंडाला फडकी बांधून फावड्यानं काढतात आणि प्रत्येक फावड्याला दोन-तीन मेलेली कबुतरं निघतात, पापडासारखी चपटी. एका कपाटात कुणाची तरी कवळी सापडली. हमालांच्या बाकाखाली पिंकांचा इतका जाड थर होता की रंगाऱ्याला वाटलं, तो लाल रंगच आहे. मी घरी येऊन दोनदा आंघोळ करते, तरी जेवताना हाताला वास येतो.

माणसांचं तर विचारू नकोस. समितीचे चेअरमन दातांत टाचणी घालून बोलतात आणि टाचणीवर जे येतं ते निरखून पाहतात. शिवाय एक सल्लागार आणलाय, त्याला मी अत्तऱ्या म्हणते. त्याच्या पेटीत पन्नास बाटल्या. म्हणे, लोकांनी इतिहास नुसता बघायचा नाही, हुंगायचाही. काल माझ्या नाकाखाली कागदाची पट्टी धरून म्हणाला, "ओळखा. इंजिनाचा कोळसा." मला तरी जळक्या चपलेचा वास आला.

आता कामाचं. मामा तिथल्याच यार्डात डबे जोडायचा आणि तुम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचात, एवढं मला ठाऊक आहे. पार्सलघरात तू जात-येत असशील. काही आठवणी लिहून पाठव ना, भिंतीवर लावू. मामाचा कामावरच्या कपड्यांतला फोटो असेल तर तोही. आई म्हणाली, "तिला काही विचारू नकोस, चिडेल." पण तू चिडतेस तेव्हाच खरं बोलतेस.

तुझी,
सुतळी

१७ जानेवारी

सुतळे,

पत्र मिळालं. खोक्यावर लिहिलंस हे सांगायची गरज नव्हती, टेबलावरही तुझं अक्षर असंच येतं.

नोकरी लागली, चांगलं झालं. कबुतरांच्या घाणीनं नाक मुरडू नकोस. मी इस्पितळाच्या धोबीखान्यात जन्म काढला. चादरी उलगडताना त्यात काय काय निघायचं ते तुला सांगितलं तर तू महिनाभर जेवणार नाहीस. घाणीची मला कधी किळस आली नाही. घाण धुतली की जाते. किळस येते ती स्वच्छ कपडे घालून दातांत टाचण्या घालणाऱ्यांची. ती कशानं धुवायची ते मला अजून कळलेलं नाही.

आठवणी मागतेस. काय लिहू? पार्सलघरात पार्सलं यायची. टोपल्या, गाठोडी, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, एकदा एक बकरी. बाबू लोक खुर्चीत बसून कान कोरायचे. हमाल ओरडायचे. बसायला जागा नव्हती, प्यायला पाणी नव्हतं. त्याच्या दगडी कमानी सुंदर आहेत असं आता सगळे म्हणतात म्हणे. आम्ही कधी मान वर करून पाहिलं नाही, खाली बघून चालावं लागायचं इतकी घाण असायची. हे लाव भिंतीवर.

फोटो शोधावा लागेल. ट्रंक माळ्यावर आहे आणि मी माळ्यावर चढत नाही.

एक विचारते. पार्सलं तोलायच्या काट्याच्या पलीकडे, लाईनीच्या बाजूला, कोपऱ्यात एक खोली होती. बिनखिडकीची, फरशीला उतार असलेली. ती पाडली का? पाडली नसेल तर तिथे काय करणार आहात?

मामी

२ फेब्रुवारी

मामी,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. मजूर खूप हसले. चेअरमन तेवढे हसले नाहीत, कारण टाचण्यांचं मी गाळायला विसरले.

तुला ती खोली आठवते! अगं, सगळ्या इमारतीत तीच रत्न आहे. भिंती हातभर जाड, बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गार. आणि उतारावर मोरीचं तोंड आहे, दगडात कोरलेलं. इंजिनीयर म्हणतो, तिथे पाणी नेणं-काढणं सोपं, म्हणून तिथे कॅफे करायचा. आठ टेबलं, पितळी दिवे, कॉफी, बिस्किटं, सँडविच. भिंतींचा दगड तसाच ठेवायचा. नकाशात पाहताना मला वाटलं, तू इथे आलीस की तुला तिथेच बसवीन, पहिली कॉफी तुझी.

तू काळजी करतेस ती स्वच्छतेची ना? मी ओळखलं. धोबीखान्यातली बाई शेवटी. फरशी तीनदा धुतली, सोडा टाकून घासली. काळ्या फटींतून कसला तरी खारट, कुजका वास येत होता तो बराच गेला. उरलेला अत्तऱ्या घालवणार आहे, त्याच्याकडे कॉफीच्या वासाची बाटली आहे. म्हणजे खरी कॉफी उकळत असताना वर खोट्या कॉफीचा वास सोडायचा. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, "खरीचा वास पुरेसा खरा वाटत नाही." अशा माणसांबरोबर दिवस काढतेय.

फोटोचं बघ. शेजारच्या कुणाला तरी माळ्यावर चढव.

सुतळी

९ फेब्रुवारी

सुतळे,

त्या खोलीत कुणाला खायला-प्यायला घालू नका.

कारण विचारशील म्हणून लिहिते. एकदाच लिहीन.

तुझा मामा इस्पितळात गेला असं तुझ्या आईनं तुला सांगितलंय. तसं सांग म्हणून मीच तिला बजावलं होतं. तो इस्पितळात गेला नाही. यार्डात दोन डब्यांच्या मध्ये सापडला आणि जागीच गेला. दुपारी एक माणूस क्वार्टरवर आला आणि म्हणाला, "वहिनी, चला." मी चुलीवरचं तसंच टाकून गेले.

मृतदेह तपासणीसाठी मोठ्या गावी न्यायचा होता. गाडी यायला वेळ होता. उन्हात ठेवता येईना, म्हणून त्याला त्या खोलीत आणला. तिथे मासळीच्या टोपल्या ठेवलेल्या असायच्या, बर्फ घालून, त्याच गाडीनं जायच्या. त्या दिवशीही होत्या. दोन टोपल्या सरकवून मध्ये त्याला ठेवला, स्ट्रेचर नव्हतं म्हणून फळीवर. वर चादर घातली. मला एक खोकं दिलं बसायला.

बर्फ वितळून पाणी सगळीकडे. माशांचं पाणी, रक्त, खवले. चादरीचं टोक त्या पाण्यात जायचं, मी उचलून वर घ्यायची, ते पुन्हा घसरायचं. तेवढंच काम मला होतं.

गाडी आली. हमाल आत आले. मी उठून उभी राहिले, वाटलं आता त्याला नेतील. तर दारातून पार्सलबाबू म्हणाला, "आधी मासळी घ्या. मासळी नासते. हा काय कुठे पळून जातोय?" आणि हसला. हमालही हसले. मासळी चढली, डबा भरला, गाडी गेली. तो तिथेच राहिला. अंधार पडल्यावर दुसरी गाडी आली तिनं गेला.

आता तू त्या फरशीवर टेबलं मांड आणि बिस्किटं वाढ, तुला जमत असेल तर. मला विचार केला तरी तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

हे मी तुला सांगितलंय. तुझ्या समितीला नाही.

मामी

१ मार्च

मामी,

तुझं पत्र वाचलं. मी त्या खोलीत गेले, दार लावलं आणि उभी राहिले. त्या फरशीवर मी सोडा टाकून घासायला लावलं होतं आणि वर तुला ते कौतुकानं कळवलं होतं. मला माझी लाज वाटली.

कॅफे रद्द झाला. समितीच्या बैठकीत मी विषय काढला, आणि कॅफे आता पुढच्या ओसरीत होणार आहे. त्या खोलीत टेबलं लागणार नाहीत, कुणी काही खाणार नाही. तुझ्या मनासारखं झालं.

बाकी कामं चालू आहेत. छताचे पत्रे बदलले, काटा घासला तर खाली पितळ निघालं. आईला तुझ्या पत्राबद्दल बोलले नाही.

जपून राहा.

सुतळी

८ मार्च

सुतळे,

बरं झालं. तू पोरगी कामाची निघालीस. ती टाचणीवाली माणसं ऐकतील असं वाटलं नव्हतं. त्यांना मी उगाच बोलले असेन.

शेजारणीच्या नवऱ्याला माळ्यावर चढवला. फोटो सोबत पाठवतेय. हातात कंदील आहे आणि डोळे मिटलेत, फोटो काढताना तो हमखास डोळे मिटायचा. भिंतीवर लावलास तरी चालेल. खाली नाव नको. नुसतं लिही, यार्डातला माणूस.

मामी

२० एप्रिल

भाचीबाई,

सोबतचा कागद आज शेजारणीनं आणून दिला. बाजारात वाटत होते म्हणाली. तिला ठाऊक नाही मी कोण ते. ती हसत हसत म्हणाली, "जाऊया का आपण?"

मी तुला वाचून दाखवते, तू वाचला नसशील तर. "पार्सलघरातला मुडदा! मासळी आधी की माणूस आधी? छाती घट्ट असेल तरच कोपऱ्यातल्या खोलीत पाऊल टाका. लवकरच. लहान मुलांना अर्धं तिकीट."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं ऐकलं होतं. त्यांना मढं माझ्या घरातून कुणी नेऊन दिलं ते आज कळलं.

माझा फोटो परत पाठव. पत्र नको, नुसता फोटो.

मामी

२६ एप्रिल

मामी,

तू पत्र नको म्हणालीस. तरी लिहितेय. फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

कॅफे रद्द झाला हे खरं होतं. तो कसा रद्द झाला ते मी लपवलं.

बैठकीत मी आधी नुसतं म्हटलं, त्या खोलीत कॅफे नको. इंजिनीयर म्हणाला, कारण द्या. मी म्हटलं, पूर्वी तिथे वाईट गोष्ट घडलीय. चेअरमन म्हणाले, "वाईट गोष्टी सगळीकडेच घडतात हो, म्हणून लोक कॉफी प्यायचे थांबतात का?" आणि हसले. मला राग आला आणि रागाच्या भरात मी सगळं सांगितलं. चादरीचं टोक, पाणी, पार्सलबाबूचं वाक्य, सगळं. वाटलं, ऐकून त्यांच्या माना खाली जातील. उचलली जीभ लावली टाळ्याला.

चेअरमननी टाचणी खाली ठेवली. मला वाटलं, लागलं कुठेतरी. अत्तऱ्या उकडलेलं अंडं खात होता. तो चावायचा थांबला, त्याचे डोळे चमकले आणि मिशीला पिवळं लागलेलं तसंच ठेवून म्हणाला, "बॉडी आणि मासळी? एकाच खोलीत? अहो बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. कॅफे कुठेही होईल, म्हणाले, अशी खोली पुन्हा मिळणार नाही. गार वारा सोडू, माशांचा वास सोडू, अंधारातून ते वाक्य ऐकवू. अर्ध्या तिकिटाची कल्पना चेअरमनची. मी ओरडले, "ती माझी सख्खी मामी आहे!" तर अत्तऱ्या अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आपण नाव कुठे घेतोय? गोष्ट काय कुणाच्या मालकीची असते?" आणि मग, "फोटो मिळेल का त्यांचा? चेहरा जुळवता येईल." मामाचा फोटो तेव्हा यायचा होता. आला त्या दिवसापासून तो माझ्या घरी कपाटात आहे, त्यांना मी फोटो नाही असंच सांगितलंय.

मला वाटलं होतं, हे नुसतं बोलणं आहे, विरून जाईल, तुला कळायचंही नाही. म्हणून तुला अर्धंच लिहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवलं.

परवा त्यांनी चाचणी घेतली. खोलीच्या भिंती काळ्या रंगवल्यात. मध्ये हातगाडी, तिच्यावर चादरीखाली रबराचं माणूस. पाय बाहेर आलेले. बटण दाबलं की डाव्या पायाचा अंगठा हलतो. माशांचा वास बाटलीतला, त्यात कसला तरी गोड वास मिसळलाय, लोकांना फार सोसणार नाही म्हणून. एका रेडिओवाल्याकडून ते वाक्य बोलून घेतलंय, शेवटी हसण्यासकट. समितीतल्या एका बाईनं त्या अंगठ्याला बोट लावून फोटो काढून घेतला. "अय्या, गार आहे," म्हणाली. बाहेर येऊन सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हात न धुता वडे खाल्ले.

मला त्या लोकांची किळस आली, मामी, पण त्याहून जास्त माझ्या जिभेची. तू एकदा बोललीस, तेही मला, आणि मी ते त्यांच्या ताटात वाढलं. दोन दिवस तोंडात घास फिरत होता.

राजीनामा लिहून ठेवलाय. उद्या देते. फोटो तुला पोस्टानं पाठवायला जीव धजत नाही, हरवला तर? मी स्वतः आणून देईन, तू दारातूनच घे.

सुतळी

४ मे

सुतळे,

राजीनामा देऊ नकोस. दिला असशील तर परत घे.

तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. चार-आठ दिवसांत जाईल असा हा राग नाही. पण तू नोकरी सोडलीस तर त्या खोलीत अंगठा हलवणारेच राहतील आणि त्यांना आडवं यायला कुणी उरणार नाही. शिसारी आली म्हणून चादर टाकून पळून जाणाऱ्या पोरी धोबीखान्यात खूप पाहिल्या. चादर तिथेच राहायची. मग ती मी उचलायची.

मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. सगळं नव्हतं सांगितलं. आता सांगते, आणि हे बैठकीत सांगायचं झालं तर सांग, माझी हरकत नाही. बघूया याचं तिकीट लावतात का.

त्या दिवशी मी दुपारपासून तिथे बसले होते. काही वेळानं मला लघवीला लागली. बाबूला विचारलं, बायकांची सोय कुठे आहे? तो म्हणाला, "इथे कुठली बायकांची सोय? रुळांपलीकडे झाडं आहेत की." झाडांखाली हमाल पत्ते कुटत बसलेले. आणि खोलीत उंदीर होते, सुतळे. माशांसाठी यायचे. मी उठले की त्याच्याकडे वळतील, म्हणून मला उठता येईना. कुणाला म्हणू, जरा बसा याच्यापाशी? जो तो नाक धरून पळत होता.

मी दाबून धरली. पहिली गाडी आली तेव्हा बाबू जे बोलला ते मला लागलं, पण खरं सांगू, त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं, म्हणजे आता पुढच्या गाडीपर्यंत बसायचं. तो समोर पडला होता, माझा नवरा, आणि मी त्याचा विचार करत नव्हते. मी पाय आवळून बसले होते. डोळ्यांत पाणीही येऊ देत नव्हते, कारण रडले असते तर सगळंच सुटलं असतं.

शेवटी सुटलंच. बसल्या जागी. खालच्या माशांच्या पाण्यात गेलं, कुणाला कळलं नाही. मला त्या माशांच्या वासाचे उपकार वाटले. विचार कर, कशाचे उपकार वाटावे लागले. दुसऱ्या गाडीत मी ओल्या कपड्यांनी त्याच्या पायाशी बसून गेले आणि पुढचे सगळे सोपस्कार तशाच कपड्यांनी केले. लोक म्हणाले, धीराची आहे, डोळ्याला पाणी नाही.

म्हणून मला त्या खोलीत काय हवं ते सांगते. फोटो नको, पाटी नको, दिवा नको, फुलं तर मुळीच नकोत. तिथे बायकांसाठी संडास करा. चांगला. आतून कडी लागेल असा, पाणी असेल असा. पिशवी अडकवायला खुंटी. दारात कुणी पैसे मागायला बसवायचा नाही.

जमलं तर कळव. नाही जमलं तर कळवू नकोस.

मामी

३० जून

मामी,

जमलं. पण माझ्या बोलण्यानं नाही.

मी बैठकीत उठून म्हटलं, कोपऱ्यातल्या खोलीत बायकांचा संडास करूया. अत्तऱ्या ताठ झाला. "इतिहासाच्या जागी संडास?" मी तुझी गोष्ट सांगितली नाही. तुझी परवानगी होती, तरी नाही. अत्तऱ्याच्या पेटीत तिचीही बाटली झाली असती. मी फक्त म्हटलं, "बायका येणार आहेत ना? मग कुठे जातील?" चेअरमन टाचणी काढून म्हणाले, "बायका घरून जाऊन येतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती अंगठ्याला बोट लावणारी बाईसुद्धा. मला वाटलं, संपलं.

पुढच्या आठवड्यात इमारत उघडायचा परवाना देणारी अधिकारी आली. पन्नाशीची, जाड चष्म्याची, कमी बोलणारी. सगळीकडे फिरली. मग चेअरमनना विचारलं, "बायकांची सोय?" त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. रुळांपलीकडे त्यांनी पत्र्याची एक टपरी उभी केली होती, एकच, तीही सगळ्यांत मिळून. ती म्हणाली, "चला, दाखवा." चेअरमनना सोबत नेलं, खडीवरून, उन्हातून. दार उघडलं तर कडी नाही, पाणी नाही आणि आत मजुरांनी जे करून ठेवलं होतं ते. चेअरमन रुमाल नाकाला लावून मागे सरले. ती म्हणाली, "नाही, नाही, आत जा. कडी नाहीये, मी धरते दार." गेले नाहीत. तिनं तिथल्या तिथे लिहिलं, आतल्या बाजूला पक्की सोय झाल्याशिवाय परवानगी नाही.

मग नळवाल्याला बोलावलं. अत्तऱ्या त्याला म्हणाला, कुठेही करा, ती खोली सोडून. नळवाल्यानं प्रत्येक खोलीत बादलीभर पाणी ओतलं. कुठे तळं साचलं, कुठे पाणी उलटं दाराकडे आलं. कोपऱ्यातल्या खोलीत ओतलं आणि ते एका दमात मोरीतून गेलं. नवी गटारलाईन टाकायची तर सगळी फरशी फोडावी लागेल आणि उद्घाटन वर्षभर लांबेल, म्हणाला. अत्तऱ्या त्याला तासभर समजावत होता, ही खोली म्हणजे काय आहे ते. नळवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, पाण्याला तुमची गोष्ट ठाऊक नाही. पाणी उताराला जातं."

उद्घाटनाची तारीख मंत्र्यांना कळवून झाली होती. समितीनं तोंड वाकडं करून मान्यता दिली. अत्तऱ्या रागावून गेला. त्याचं रबराचं माणूस त्याच्या गाडीत मावेना, तर मागच्या सीटवर आडवं घातलं आणि पाय खिडकीतून बाहेर. फाटकाबाहेर पडेपर्यंत अंगठा हलत होता. बटण कुठेतरी दाबलं गेलं असणार. मजूर हसून लोळले. मला हसू आलं नाही, पण त्या दिवशी मी पोटभर जेवले.

काळा रंग मी उभी राहून खरवडून घेतला. चार दरवाजे, चारांनाही आतून कडी, प्रत्येकात खुंटी. पाणी मी रोज बघते. उद्घाटन सप्टेंबरमध्ये आहे. ये म्हणायचं तोंड मला नाही. म्हणून नुसती तारीख कळवीन.

फोटो घेऊन पुढच्या रविवारी येते. दारातून नाही, आत घे.

सुतळी

२२ सप्टेंबर

सुतळे,

मी येऊन गेले. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू हार घेऊन उभी राहिली असतीस. शेजारणीला सोबत आणली होती. तिला मुडदा बघायचा होता, तो नाही म्हटल्यावर खट्टू झाली.

आधी बाकीचं सांगते. भाषणं भिकार. मंत्री तुमचा इमारतीकडे पाठ करून इमारतीचं कौतुक करत होता. टाचणीवाला मी ओळखला. मोठ्या हॉलमध्ये ते जुने कंदील मांडलेत ते बरे आहेत, पण इतके घासलेत की ते कुणी कधी हातात धरले असतील असं वाटत नाही. तुमच्या कॅफेतला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. आणि कमानी मी मान वर करून पाहिल्या. चांगल्या आहेत. पण लोक एवढं कौतुक का करतात ते मला अजून कळलं नाही.

मग तिकडे गेले. शेजारीण चहा पीत होती, मी एकटीच गेले. दारापाशी पाय अडले, खोटं कशाला बोलू. आत पांढऱ्या फरशा बघून वाटलं, चुकीच्या खोलीत आले. पण गारवा तोच होता. दोन बायका आरशासमोर केस विंचरत होत्या. एक तरुण आई पोराचं ढुंगण धूत होती आणि पोरगं बोंबलत होतं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटच्या दारात गेले. कडी लावली. पिशवी खुंटीला अडकवली. खुंटी जरा खाली लाव, म्हाताऱ्या बाईचा हात पुरत नाही. बसले. झालं, तरी उठवेना. आधी वाटलं पाय धरले असतील. मग कळलं, पाय नाहीत.

मी त्या दिवशी रडले नव्हते. नंतर कधी रडू आलं नाही, आणि मग एवढ्या वर्षांनी कशाला म्हणून सोडून दिलं होतं. ते तिथे आलं, सुतळे. कडी लावलेली, कुठे उठून जायचं नाही, काही धरून ठेवायचं नाही. मोठ्यानं आलं. तोंडावर हात धरला तरी आवाज बाहेर जात होता. त्याचे ते मिटलेले डोळे, त्याची शीळ, रात्री पाळीवरून आला की आधी पाय धुवायचा ते, सगळं एकदम.

बाहेर रांग झाली असणार. कुणीतरी दार वाजवलं. "आजी, झालं का?"

मी म्हटलं, "थांब गं बाई जरा. माझा नवरा गेलाय."

बाहेर चपला मागे सरकल्या. मग तीच बाई दाराला तोंड लावून म्हणाली, "बसा मावशी. मी आहे इथे, कुणाला वाजवू देत नाही."

मामी